गालिबिएवर खर्च, ग्रानोंवर वसुली

१३ जुलै २०२२. टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीचा अकरावा टप्पा, आल्बेरव्हिल ते कोल द्यू ग्रानों, १५१.७ किलोमीटर. शेवटच्या चढाची जेमतेम पाच किलोमीटर उरली असताना डेन्मार्कचा योनास विंगेगार्ड निघाला आणि पिवळ्या जर्सीतल्या तादेय पोगाचारला त्याचं चाक धरता आलं नाही. जर्सीची चेन पूर्ण उघडी, खांदे डुगडुगताहेत, मागून एकेक जण येऊन पुढे निघून जातोय. आदल्या दोन्ही वर्षी टूर जिंकलेल्या माणसाला असं पाहायची कुणाला सवयच नव्हती.

त्या दिवसाबद्दल बोलताना लोक ग्रानोंची पाच किलोमीटर सांगतात. माझ्या मते तो टप्पा तासाभरापेक्षा आधी, त्याच टप्प्यातल्या गालिबिए घाटाच्या चढावर हरला गेला होता. अनेक टप्प्यांच्या शर्यतीत पैज दिसते एका ठिकाणी आणि लागलेली असते दुसऱ्याच ठिकाणी. हे एकदा डोळ्यांत बसलं की चार-पाच तासांचं कंटाळवाणं वाटणारं प्रक्षेपण श्वास रोखून पाहावंसं वाटतं.

आधी सेकंदांचा हिशेब. एकूण क्रमवारी म्हणजे सगळ्या टप्प्यांना लागलेल्या वेळेची बेरीज, त्यातून बोनस वजा, दंड अधिक. ज्याची बेरीज सर्वांत कमी, त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. रस्त्यावरच्या टप्प्यात पहिल्या तिघांना १०, ६ आणि ४ सेकंदांचा बोनस मिळतो, टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायच्या टप्प्यात, मिळत नाही. एका घोळक्यातून आलेल्या सगळ्यांना एकच वेळ लागतो, म्हणून घोळक्यात साठावा आलेला पुढारीही काही गमावत नाही. सपाट टप्प्यात शेवटच्या काही किलोमीटरमध्ये (२०२२ मध्ये तीन) कुणी पडला किंवा पंक्चर झाला, तर तो ज्या गटात होता त्या गटाचाच वेळ त्याला देतात. चढावर संपणाऱ्या टप्प्याला ही सवलत नाही. तिथे जे गेलं ते गेलं.

अंतर डोळ्यांनी मोजायची एक सोय सांगतो. सपाटीवर ताशी ५० किलोमीटरने चाललेला घोळका सेकंदाला सुमारे १४ मीटर कापतो, तर खड्या चढावर ताशी १८ ने चाललेला स्वार फक्त ५ मीटर. म्हणजे २० सेकंदांची आघाडी सपाटीवर २८० मीटर आणि चढावर अवघी १०० मीटर. चढावर पुढचा माणूस हाकेच्या अंतरावर दिसत असतो आणि तरीही गाठता येत नाही. मागच्याचं मन खचतं ते यामुळेच.

ग्रानोंच्या दिवशी सकाळी पोगाचार पिवळ्या जर्सीत होता. जर्मनीचा लेनार्ड केम्ना ११ सेकंद मागे, विंगेगार्ड ३९ सेकंद मागे. या ३९ मधला प्रत्येक सेकंद पोगाचारने कुठून ना कुठून वेचला होता. पाचव्या टप्प्यात दगडी रस्त्यावर विंगेगार्डची सायकल बिघडली, घाईत सहकाऱ्याची भलतीच उंच सायकल घ्यावी लागली, आणि त्याच्याच संघातल्या वाउट व्हान आर्टने जीव तोडून ओढल्यावरही १३ सेकंद गेलेच. सातव्या टप्प्यात ला प्लांश दे बेल फीयच्या वरच्या कच्च्या, उभ्या चढावर दोघे एकाच वेळेत पोहोचले, पण पहिल्याला १० आणि दुसऱ्याला ६, म्हणून आणखी ४ सेकंद. चार सेकंदांसाठी कोण एवढा जीव टाकतो, असं वाटत असेल तर १९८९ आठवा. ग्रेग लेमाँड ५० सेकंदांची पिछाडी घेऊन व्हर्साय ते पॅरिस या २४.५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलला उतरला आणि तीन आठवड्यांची शर्यत लॉराँ फिन्योंकडून ८ सेकंदांनी हिसकावून घेतली.

आता गालिबिए. तेलेग्राफचा चढ १२ किलोमीटरचा. तो संपला की व्हालुआरकडे थोडासा उतार आणि लगेच गालिबिए: १७.७ किलोमीटर, सरासरी ६.९ टक्के, माथा २६४२ मीटर. विंगेगार्डच्या जम्बो-विस्मा संघाने इथे शेवटच्या घाटाची वाट पाहिलीच नाही. संपायला ५० किलोमीटरहून जास्त बाकी असताना प्रिमोझ रोग्लिच आणि विंगेगार्ड आळीपाळीने पोगाचारवर तुटून पडू लागले.

हे तंत्र बारकाईने पाहण्यासारखं आहे. प्रत्येक स्वाराला एक उंबरठा असतो, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल एवढा जोर. त्याच्या वर जायला शरीरात एक छोटी राखीव शिल्लक असते. एका हल्ल्याला दहा-पंधरा सेकंद सहाशे वॅटच्या वर जावं लागतं आणि ते या शिलकीतून जातं. उंबरठ्याच्या खाली चालवलं तरच ती पुन्हा भरते, तीही हळूहळू. आता रोग्लिच सुटला की पोगाचार त्याला गाठायला जाणार, विंगेगार्ड पोगाचारच्या चाकावर निवांत येणार. गाठलं की विंगेगार्ड सुटणार, आणि त्याला गाठेपर्यंत रोग्लिच दम खाणार. सहा हल्ले झाले तर त्या दोघांचे प्रत्येकी तीन, पोगाचारचे सहा.

मग पोगाचारने रोग्लिचला सोडून का दिलं नाही? रोग्लिच दगडी रस्त्यांच्या टप्प्यात पडून खांदा निखळल्यामुळे दोन मिनिटांहून जास्त मागे होता. पण तो व्हुएल्टा, म्हणजे स्पेनची तीन आठवड्यांची शर्यत, सलग तीनदा जिंकलेला माणूस. त्याला ५० किलोमीटर मोकळं रान द्यायला भीती वाटणं साहजिक होतं. तरीही माझं मत असं की त्याला जाऊ द्यायला हवं होतं. आपल्या लयीत वर चढायचं, रोग्लिचची चिंता गेरेंट थॉमसच्या इनिऑस संघावरही पडू द्यायची, आणि विंगेगार्ड हलला तरच हलायचं. पिवळी जर्सी घातलेल्याने प्रत्येक आव्हानाला उत्तर द्यायचं नसतं. पोगाचार तेव्हा २३ वर्षांचा होता आणि आव्हान नाकारणं त्याच्या स्वभावात नाही. उलट गालिबिएच्या वरच्या भागात त्याने स्वतःच जोर लावला. रोग्लिच मागे पडला, बाकीचे मागे पडले, विंगेगार्ड तेवढा चाकाला चिकटून राहिला. पाहताना वाटलं, काय ताकद आहे! आता मागे वळून पाहिलं तर तीच उडी सर्वांत महाग पडली.

यात दुसरी गोष्ट माणसांची. टूरमध्ये तेव्हा प्रत्येक संघाचे आठ स्वार. पोगाचारच्या यूएई संघातले व्हेगार्ड स्टाके लेंगेन आणि जॉर्ज बेनेट कोविडमुळे आधीच घरी गेले होते. म्हणजे त्या दिवशी सहा विरुद्ध आठ. त्यात जम्बोने व्हान आर्ट आणि क्रिस्तोफ लापोर्टला सकाळीच पळून गेलेल्या गटात पुढे धाडलं होतं. नवख्या प्रेक्षकाला वाटतं, हे टप्पा जिंकायला गेलेत. खरं तर ते पुढे जाऊन थांबण्यासाठी गेलेले असतात. मागून आपल्या संघाचा पुढारी आला की हा ताज्या दमाचा गडी पुढे हजर, आणि घाटांमधल्या सपाट पट्ट्यात त्याची किंमत सोन्याची. कारण ताशी ४५ ने जाताना निम्म्याहून जास्त जोर हवा कापण्यात जातो आणि एखाद्याच्या मागे बसलं की पाव-तृतीयांश श्रम वाचतात. खड्या चढावर वेग कमी, त्यामुळे आडोशाचा उपयोगही कमी. तिथे वजन आणि पाय.

गालिबिएवरून ब्रियाँसोंच्या दिशेने तीस किलोमीटरहून लांब उतार आहे. उतारावर विश्रांती मिळते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात २६०० मीटरवरून खाली येताना घामेजलेल्या अंगाला गार वारा लागतो, पाय आखडतात, आणि खायचं राहून गेलं असेल तर ते इथेच भरून काढावं लागतं.

खाण्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण तीन आठवड्यांची पैज पायांइतकीच पोटाची असते. हल्ली अवघड टप्प्यात स्वार तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं घेतात. सव्वाचार तासांच्या टप्प्याला हे चारशे-पाचशे ग्रॅम होतं: जेल, भाताच्या वड्या, साखर-मीठ घातलेल्या बाटल्या. एवढं पचवायची सवय महिनोन् महिने करावी लागते, नाहीतर पोट बिघडतं. शिवाय हल्ला चालू असताना खाता येत नाही, कारण तोंड श्वासाला लागतं. एक तास खाणं चुकलं तर ते त्याच क्षणी जाणवत नाही, पुढच्या घाटावर जाणवतं. २०१३ मध्ये आल्प द्युएझवर पिवळ्या जर्सीतल्या ख्रिस फ्रूमची साखर अशी उतरली की खाणं घ्यायला बंदी असलेल्या शेवटच्या काही किलोमीटरमध्ये त्याचा सहकारी रिची पोर्टने संघाच्या गाडीकडून जेल आणून त्याला दिलं. दोघांनाही २० सेकंदांचा दंड झाला. पण जेल नसतं तर नुकसान २० सेकंदांवर भागलं नसतं. तो टूर फ्रूमने जिंकला.

परत ग्रानोंकडे. ११.३ किलोमीटर, सरासरी ९.२ टक्के, म्हणजे हजार मीटरहून जास्त उभी चढण. माथा २४१३ मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी. ज्याची शिल्लक संपली आहे त्याला ती भरून काढायला इथे काहीच मिळत नाही. टूर या घाटावर याआधी एकदाच संपला होता, १९८६ मध्ये. त्याही दिवशी पिवळी जर्सी बदलली: बर्नार इनोच्या अंगावरून त्याच्याच संघातल्या लेमाँडकडे. इनोला ती पुन्हा कधीच मिळाली नाही.

पायथ्याला पोगाचारजवळ रफाल मायका होता आणि वेग तोच लावत होता. बाहेरून सगळं आलबेल दिसत होतं. मग विंगेगार्ड उठला. त्या पाच किलोमीटरमध्ये पोगाचारने २ मिनिटं ५१ सेकंद गमावले, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ३५ सेकंद. दमलेला माणूस किलोमीटरला दहा-पंधरा सेकंद गमावतो. पस्तीस सेकंद जातात तेव्हा आत काहीच उरलेलं नसतं. आता पाटी मांडून पाहा: २:५१, त्यात विंगेगार्डच्या विजयाचे बोनसचे १० सेकंद, झाले ३:०१. त्यातून सकाळची ३९ सेकंदांची आघाडी वजा केली की उरतात २:२२. संध्याकाळच्या क्रमवारीत पोगाचार पहिल्यापासून नेमका तेवढाच मागे होता. दहा टप्प्यांत वेचलेलं एका चढावर गेलं.

घाटांबाहेरही अशीच लपलेली पैज असते, ती वाऱ्याची. आडवा वारा सुटला की घोळका सरळ रांगेत राहू शकत नाही. वारा डावीकडून असेल तर पुढचा स्वार डाव्या कडेला जातो, त्याच्या उजव्या खांद्याआड दुसरा, त्याच्या आड तिसरा, अशी तिरपी रांग लागते. रस्ता रुंद असेल त्याप्रमाणे या रांगेत दहा-पंधरा जण मावतात. सोळावा उजव्या कडेला उघडा पडतो, त्याच्या मागचेही. त्यांनी तत्काळ आपली दुसरी तिरपी रांग धरायला हवी. तसं न करता पहिलीच्या शेपटाला लटकत राहिले की एकेक जण तुटतो. २०१३ च्या तेराव्या टप्प्यात, सेंत-आमाँ-माँरोंच्या वाटेवर, हे दोनदा घडलं. आधी दुसऱ्या क्रमांकावरचा आलेहांद्रो व्हाल्व्हेर्दे भलत्या वेळी पंक्चर झाला आणि जवळजवळ दहा मिनिटं गमावून बसला. मग अल्बेर्तो कोंतादोरच्या संघाने अचानक जोर लावून पुढचा गट तोडला आणि फ्रूमने १ मिनिट ९ सेकंद दिले, तेही सपाट रस्त्यावर. खुद्द पोगाचारने २०२० मध्ये लाव्होरच्या टप्प्यात वाऱ्यापायी १:२१ गमावले होते. शेवटी तो टूर त्याने ५९ सेकंदांनी जिंकला, यावरून त्या शर्यतीत त्याचे पाय काय होते ते कळतं.

पाहताना झेंडे आणि झाडं कुठे झुकली आहेत ते बघा, आणि गावातून बाहेर पडून रस्ता मोकळ्या शेतांत कधी वळतो ते नकाशात बघा. त्या वळणाच्या दोन-तीन किलोमीटर आधी संघ आपापले स्वार घेऊन पुढे घुसू लागले, तर जेवण बाजूला ठेवून पडद्यासमोर बसावं. आपल्याकडे बहुतेक टप्पे संध्याकाळी चार-साडेचारला सुरू होतात आणि साडेआठ-नऊला संपतात, त्यामुळे हे बरोबर जेवणाच्या वेळी येतं.

मागच्या टोकाला वेगळीच शर्यत चाललेली असते. प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते: टप्पा किती अवघड आणि विजेत्याचा सरासरी वेग किती, यावरून ठरणारी टक्केवारी. विजेत्याला साडेचार तास लागले आणि मर्यादा १२ टक्के निघाली, तर ३२ मिनिटांच्या आत पोहोचायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी. जड बांध्याचे स्प्रिंटर म्हणूनच घाटांत एकत्र चालतात, चढावर मोजून मापून आणि उतारावर-सपाटीवर सर्वस्व लावून. २०२२ च्या सतराव्या टप्प्यात, पेरागुदच्या छोट्या विमानतळाच्या उभ्या धावपट्टीवर, फाबिओ याकोब्सेन वीस सेकंदांपेक्षाही कमी वेळ राखून आत आला. रेषेपलीकडे त्याचे सहकारी घड्याळ बघत ओरडत होते. त्याच टप्प्यात पोगाचार जिंकला. मला मात्र याकोब्सेनची ती शेवटची काही मीटर जास्त आठवतात. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला घाटाचा राजा म्हणतात. टूरमध्ये लाल ठिपक्यांची जर्सी त्याच मानाची. याकोब्सेनसारख्याला तसा मान नाही, तरी घाट त्यालाही तोच चढावा लागतो.

आणि एक अलिखित नियम. २१ जुलैला अठराव्या टप्प्यात कोल द स्पांदेलच्या उतारावर पोगाचार विंगेगार्डला गाठायच्या प्रयत्नात खडीत घसरून पडला. विंगेगार्डने वेग कमी केला, मागे पाहत थांबला, पोगाचार आला आणि दोघांनी चालत्या सायकलवर हात मिळवला. असं करायला कुठलंही नियमांचं पुस्तक सांगत नाही. २०१० मध्ये पोर द बालेसवर आंडी श्लेकची साखळी निघाली तेव्हा कोंतादोर थांबला नव्हता, त्याने ३९ सेकंद मिळवले, आणि पॅरिसमधला दोघांतला फरकही ३९ सेकंदच होता. पुढे डोपिंग प्रकरणात कोंतादोरचा तो विजय काढून घेतला गेला. साखळीचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर पडलेल्यासाठी थांबावं, बिघाडासाठी थांबलंच पाहिजे असं नाही, कारण सायकल आणि गिअर बदलणं हाही कौशल्याचाच भाग आहे.

स्पांदेलनंतर ओताकामचा शेवटचा चढ होता. तोवर मार्क सोलेर वेळेच्या मर्यादेबाहेर गेला होता, मायका मांडीच्या दुखापतीने घरी गेला होता, आणि यूएईकडे पोगाचार धरून चौघेच उरले होते. जम्बोने पुन्हा तेच केलं. व्हान आर्ट पहिल्यापासून पुढच्या गटात. मागून आधी सेप कसने वेग लावला, आणि त्याचा जोर संपत आला तेव्हा पुढे असलेला व्हान आर्ट येऊन मिळाला आणि ओढू लागला. साडेचार किलोमीटरच्या आसपास उरली असताना पोगाचार मागे पडला. पडला तो विंगेगार्डच्या हल्ल्याने नव्हे, व्हान आर्टच्या वेगाने. विंगेगार्ड १ मिनिट ४ सेकंदांनी जिंकला, पोगाचार दुसरा आला, आणि तिसरा आला तो हिरव्या जर्सीतला (गुणांच्या क्रमवारीत पहिला असलेला) व्हान आर्ट, तीन आठवडे स्प्रिंट मारणारा आणि त्या दिवशी पहिल्या किलोमीटरपासून वाऱ्यात असलेला. दोन दिवसांनी रोकामादूरची ४०.७ किलोमीटरची टाइम ट्रायलही त्यानेच जिंकली.